सहाला सुटून साडेसहाला पोहोचणारं विमान

माणसाला चूक काढायचीच असली की ती कुठे ना कुठे सापडते, आणि मापसाहेबांनी तर उभा जन्म चुका काढण्यात घालवलेला. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, तराजू उचलायचा, वजनं उलटीपालटी करून बघायची आणि दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळालं की ओळखायचं, याने काटा मारलाय. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी खोड गेली नव्हती. दूधवाला त्यांच्या दारात माप बुडवताना देवाचं नाव घ्यायचा. मागे एकदा डॉक्टरांनी वजन करायला सांगितलं, तेव्हा साहेबांनी आधी काट्याची पडताळणी कधी झाली होती ते विचारलं आणि नाडी नंतर दाखवली. कॉलनीत सगळे त्यांना मापसाहेब म्हणायचे, आणि त्यापायी त्यांची बायको, तिचा काही एक दोष नसताना, मापवहिनी होऊन बसली होती.

दोघांना एकुलती एक लेक. ती लग्न करून जगाच्या पार दुसऱ्या टोकाच्या एका शहरात राहायला गेली होती. दर वर्षी ती आईवडलांना बोलवायची आणि दर वर्षी साहेबांना काहीतरी चूक सापडायची. एका वर्षी पासपोर्टच्या फोटोचं माप दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं लिहिलेलं निघालं. पुढच्या वर्षी सामानाच्या वजनाची मर्यादा काही शास्त्राला धरून वाटली नाही. मापवहिनी दर वर्षी माळ्यावरून बॅग काढायच्या, पुसायच्या आणि महिन्याभराने परत माळ्यावर टाकायच्या. या वर्षी लेकीने फोन केला आणि अगदी शांतपणे सांगितलं, "बाबा, तिकिटं मी काढते, तुम्ही रविवारपर्यंत हो की नाही ते सांगा. नाही म्हणालात तर मी रागावणार नाही, पण पुन्हा विचारणारही नाही."

ती चिडली असती तर साहेबांनी तिला चार गोष्टी समजावल्या असत्या. ती चिडलीच नाही, म्हणून त्यांची पंचाईत झाली. मापवहिनी स्वयंपाकघरात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्यांनी हातातलं पातेलं इतक्या हळू खाली ठेवलं की त्याचा आवाजसुद्धा झाला नाही, आणि एरवी या घरात पातेली कशी ठेवली जात हे साहेबांना चांगलं ठाऊक होतं.

आता आपल्याआपल्यात सांगायला हरकत नाही, साहेबांना विमानाची भीती वाटत होती. साधी भीती, दुसरं काही नाही. पण निरीक्षकाने घाबरायचं नसतं, हरकत घ्यायची असते. आणि हरकत घ्यायला लेकीने आयतीच सोय करून दिली. तिने विमानाचं वेळापत्रक पाठवलं.

विमान सकाळी सहाला सुटत होतं आणि त्याच दिवशी सकाळी साडेसहाला तिकडे पोहोचत होतं. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, प्रवासाला लागणारा वेळ चौदा तास. परतीचं विमान सोमवारी निघून बुधवारी पोहोचणार होतं आणि त्याच्याखाली लिहिलं होतं सोळा तास. म्हणजे जायला अर्धा तास किंवा चौदा तास, यायला सोळा तास किंवा दोन दिवस, आणि दोन्ही वेळेला शहरं तीच आणि मधलं अंतरही तेच. साहेबांना इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. मापवहिनींनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, अर्ध्या तासात पोहोचवत असतील तर बरंच आहे की, लेकीला भेटून मी दुपारच्या चहाला घरी येते. साहेबांना त्यातली खोच कळली नाही. ते फोन शोधत होते.

विमान कंपनीने त्यांना बराच वेळ बासरी ऐकवली. मग एक मुलगी आली आणि गोड आवाजात म्हणाली, सर, ते वाऱ्यामुळे होतं. साहेबांनी विचारलं, वारा कोणत्या खात्याच्या अखत्यारीत येतो. मुलीने त्यांना तक्रार विभागाला जोडून दिलं. तक्रार विभागाने, हरवलं काय आहे, एवढंच ऐकून सामान विभागाला जोडून दिलं. सामान विभागातल्या गृहस्थांना साहेबांनी खणखणीत आवाजात सांगितलं, की माझे दोन तास गहाळ झालेले आहेत. ते गृहस्थ कामाला चोख होते. त्यांनी विचारलं, बॅगेत होते की हातात? साहेबांनी फोन ठेवला तो आपटूनच.

अशा गोष्टी कॉलनीत लपून राहत नाहीत, आणि साहेबांचा फोनवरचा आवाज बघता लपण्याचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी फॉरेनकाका हजर. हे तळमजल्यावर राहायचे. फार पूर्वी ते एकदा, एकदाच, परदेशी जाऊन आले होते आणि तेव्हापासून पाऊस पडला तरी तिकडे कसा पडतो ते सांगायचे. विमानात बूट म्हणून काढायचे नाहीत, हा त्यांचा पहिला सल्ला. पाय सुजतात, बूट परत जात नाहीत, मग परक्या देशात मोज्यांवर उतरायची वेळ येते. दुसरा सल्ला असा, की हवाई सुंदरीने काही विचारलं की आधी हो म्हणायचं, काय विचारलं ते मागाहून कळतं. साहेब त्यांना म्हणाले, मुद्दा बुटांचा नाही, मुद्दा दोन तासांचा आहे. काका म्हणाले, आमच्या वेळी तर असं काही नव्हतं, आम्हाला जायला लागला तेवढाच वेळ यायला लागला.

हे ऐकून समोरच्या ब्लॉकमधल्या भूगोलाच्या बाई पृथ्वीचा गोल काखोटीला मारून आल्या. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या असल्या तरी भूगोल काही त्यांच्यातून निवृत्त झालेला नव्हता. त्या आल्या तेव्हा साहेब भिंतीवरच्या नकाशावर मीटरपट्टी लावून उभे होते. ही मीटरपट्टी म्हणजे खात्याने निरोपसमारंभात दिलेली भेट, अस्सल पितळी टोकांची, आणि तिच्यावर साहेबांचा जीव. तिच्या हिशेबाने लेकीचं शहर नकाशाच्या एका कडेला, आपलं दुसऱ्या कडेला, मध्ये अख्खं जग, आणि अंतर भरत होतं सव्वीस हजार किलोमीटर. बाई म्हणाल्या, अहो, उलट्या बाजूने मोजताय तुम्ही. त्यांनी गोल टेबलावर ठेवला, एक दोरा एका शहरावर धरला, गोलाच्या पाठीमागून समुद्रावरून नेला आणि दुसऱ्या शहरावर टेकवला. तेरा हजार. साहेब नकाशाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे हा निम्म्याने मारतो." एरवी त्यांनी तो नकाशा जागच्या जागी जप्त केला असता, पण तो त्यांचाच होता.

दोन तासांचंही बाईंनी समजावून सांगितलं. फार उंचावर जोराचा वारा वाहत असतो, एकाच दिशेला. जाताना तो विमानाला मागून ढकलतो आणि येताना समोरून अडवतो. आणि साडेसहाचं म्हणाल तर तिकडची घड्याळंच आपल्या मागे आहेत. कुणा शहाण्या माणसाला एवढं पुरलं असतं. साहेब म्हणाले, एका पारड्यावर हळूच फुंकर मारून माल विकणारा एक वाणी मला माहीत होता, त्याला मी दंड केला होता. बाईंनी हात टेकले. मग दोरा हातात होताच म्हणून त्यांनी सहज विचारलं, काका, तुम्ही कुठे गेला होता हो? काकांनी नाव सांगितलं. बाईंनी गोलावर दोरा लावला, मग दोरा बाजूला ठेवला आणि नख लावलं, आणि त्यातलंही थोडं नख उरलं. काका म्हणाले, तेव्हा विमानं हळू जायची.

हे सगळं चाललेलं असताना मापवहिनी शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "अंतर राहू द्या हो. तुम्ही चौदा तास एका जागी बसाल का, तेवढं सांगा."

याचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं. साहेब न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना उठून शेजारच्या दुकानातला काटा बघून यायचे. स्वतःच्या लग्नात त्यांनी मांडवातून उठून जेवणाचं वाढप मोजलं होतं, आणि ही गोष्ट मापवहिनींनी आजवर कुणाला विसरू दिली नव्हती. सिनेमाला नेलं तर मध्यंतरानंतर ते दिसायचेच नाहीत. पण चारचौघांत बायकोने असं विचारल्यावर कोणता नवरा नाही म्हणेल? साहेब ताठ उभे राहिले. म्हणाले, पडताळणी झाल्याशिवाय आमच्या खात्यात कशावरही शिक्का पडत नाही. शनिवारी याच हॉलमध्ये सकाळी सहा ते रात्री आठ मी बसून दाखवतो. बसलो तर रविवारी लेकीला हो.

"आणि नाही बसलात तर?" मापवहिनींनी विचारलं. साहेबांनी मीटरपट्टी पुसायला घेतली.

खरं म्हणजे एक खुर्ची मांडून गप्प बसायचं, इतकं सोपं काम होतं. पण फॉरेनकाकांनी त्यात पाचर मारली. म्हणाले, मोकळ्या हॉलमध्ये आरामात बसण्यात काय पुरुषार्थ? विमानात पाठीत मागच्याचे गुडघे असतात, दोन्ही कुशींत शेजाऱ्यांची कोपरं असतात. साहेबांना ते पटलं. रिकाम्या काट्याची पडताळणी ही पडताळणीच नव्हे, काटा पूर्ण भार टाकूनच तपासायचा असतो. म्हणजे पूर्ण भरलेलं विमान हवं. म्हणजे पुष्कळ खुर्च्या हव्यात. आणि कॉलनीच्या खुर्च्या होत्या सेक्रेटरींच्या ताब्यात.

सेक्रेटरी हा माणूस नियमाबाहेर श्वास घेत नसे. खुर्च्या दोनच कारणांसाठी देता येतात, म्हणाले, लग्न किंवा सभा. लग्नाला नवरी लागते, ती आहे का? नव्हती. मग सभा घ्या. सभेला नोटीस लागते, विषय लागतात, गणसंख्या लागते, सेक्रेटरी म्हणून मला हजर राहावं लागतं आणि इतिवृत्त लिहावं लागतं. साहेबांना नियम मोडता येत नव्हते, सेक्रेटरींना वाकवता येत नव्हते, त्यामुळे दोघांचं चटकन जमलं. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली नोटीस लागली. सर्व सभासदांची सभा, शनिवारी सकाळी सहा वाजता, मापसाहेबांच्या हॉलमध्ये. विषय पहिला, विमानप्रवास. विषय दुसरा, ऐनवेळी येणारे विषय.

साहेबांची अपेक्षा होती की चार उत्साही लोक येतील. पण गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून कॉलनीत महिनाभर धुसफूस चालली होती. टाकी नवी बसवली होती आणि तरी दुपार व्हायच्या आत नळ कोरडे पडत. सभासदांनी नोटीस वाचली आणि त्यांची खात्री पटली, की कुणी येऊ नये म्हणूनच सेक्रेटरींनी ही भल्या पहाटेची वेळ ठेवली आहे. त्यामुळे निव्वळ जिद्दीने सगळे आले. पावणेसहालाच हॉल भरला. कुणी दात घासतच आले होते.

साहेबांनी रात्रीच मीटरपट्टी लावून ओळी आखल्या होत्या. दोन ओळींमधलं अंतर विमान कंपनीच्या पत्रकाप्रमाणे, त्यात बोटभरही सूट नाही. सभासद बसले आणि गुडघे पुढच्याच्या पाठीत गेल्यावर विचारू लागले, हा काय प्रकार आहे. सेक्रेटरी म्हणाले, विषय पहिला. हॉलला खिडकी एकच, आणि तिच्यातून समोरच्या ब्लॉकचे वाळत घातलेले कपडे दिसायचे, तरी त्या जागेवरून तीन सभासदांत तू तू मैं मैं झाली. शेवटी परदेशाचा अनुभव म्हणून फॉरेनकाकांना ती मिळाली. बसायच्या आधी त्यांनी ड्रेसिंग गाऊनचा पट्टा घेऊन सगळ्यांना कमरेचा पट्टा कसा बांधायचा ते दाखवलं, आणि तो त्यांच्या स्वतःच्या कमरेला असा बसला की सोडवायला दोघे लागले. भूगोलाच्या बाई पुढे गोल घेऊन उभ्या राहिल्या. विमान कुठवर आलं ते त्या सांगणार होत्या.

मापवहिनी आंघोळ करून, ठेवणीतली साडी नेसून दुसऱ्या ओळीत मधल्या खुर्चीवर बसल्या. मांडीवर छोटी पिशवी. बरोब्बर सहाला बाईंनी विमान उडाल्याचं जाहीर केलं. थोड्या वेळाने साहेबांनी सवयीने मान मागे वळवून चहाचं विचारलं. मापवहिनी म्हणाल्या, "मी प्रवासी आहे." खाणं त्यांनी आदल्या दिवशीच डब्यांमध्ये भरून ठेवलेलं होतं, ब्रेड, उकडलेली अंडी आणि बिस्किटं. ते वाटायचं कुणी, यावर खल झाला आणि बाईंचे हात गोलात अडकलेले आणि बाकी सबंध विमानात एकटे सेक्रेटरीच उभे असल्याने ते त्यांच्या गळ्यात पडलं. आपल्याच घरात आपल्या हातात कुणीतरी आणून दिलेला चहा मापवहिनी अगदी सावकाश प्यायल्या. साहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांच्या एका कुशीत दातांच्या डॉक्टरांचं कोपर होतं.

पहिले दोन तास झकास गेले. समुद्र लागल्याचं बाईंनी सांगितलं तेव्हा काही सभासदांनी खिडकीतून बघितलंसुद्धा. मग संडासापुढे रांग लागली. आत गेलेल्या एका गृहस्थांनी वर्तमानपत्र नेल्याचं उघड झालं आणि वातावरण तापलं. फॉरेनकाकांचा डोळा लागला, ते घोरायला लागले, आणि बाईंनी तो इंजिनाचा आवाज धरून चालावं असं सुचवलं. साहेब मात्र खांबासारखे बसून होते. कपाळावर घाम होता, पाय आपोआप हलत होता, पण बसून होते. मापवहिनी मागून त्यांच्या मानेकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत चालला होता. हा माणूस बसतोय, असं त्यांना वाटू लागलं होतं.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, ऐनवेळी येणारे विषय.

विषय अर्थात टाकीचा. एक सभासद म्हणाले, दहा हजार लिटरची टाकी आणि पाणी पुरत नाही म्हणजे काय? दुसरे म्हणाले, दहा हजाराची नाहीच ती. तिसऱ्यांनी ठेकेदाराचं नाव घेतलं, चौथ्यांनी सेक्रेटरींचं. आवाज चढले, खुर्च्या करकरल्या, बाईंनी ओरडून सांगितलं की विमान खराब हवेतून जात आहे, सर्वांनी पट्टे बांधावेत. आणि त्या गोंधळात दातांच्या डॉक्टरांनी, काही वाईट हेतू नसताना, विचारलं, "अहो, पण टाकी कुणी मोजली आहे का?"

झालं. मापवहिनींनी डोळे मिटून घेतले. त्यांना पुढचं सगळं दिसलं. साहेबांचा हलणारा पाय थांबला. त्यांनी मान वळवली. ज्या कॉलनीत आपण राहतो त्या कॉलनीत लिटरवारी माल घेतला गेला आणि तो कुणी मोजलाच नाही, हे ऐकून त्यांच्या आतला निरीक्षक खडबडून जागा झाला. ते उठले. मीटरपट्टी उचलली. बाई दारात आडव्या झाल्या आणि कळवळून म्हणाल्या, "अहो साहेब, कुठे चाललात? खाली समुद्र आहे."

साहेब म्हणाले, पाच मिनिटांत आलो, आणि गेले. त्यांच्यामागून दातांचे डॉक्टर गेले, मग सेक्रेटरींचं नाव घेणारे ते चौथे, मग ज्यांना संडासात जायचं होतं तेही गेले. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं, नऊ सभासद भर समुद्रात उतरले.

गच्चीवर जे झालं ते साहेबांच्या दृष्टीने त्यांच्या निवृत्तीनंतरचं सगळ्यात सुंदर काम होतं. त्यांनी टाकी रिकामी करवली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत उतरले. लांबी घेतली, रुंदी घेतली, उंची तीन ठिकाणी घेतली. टाकी आठ हजारांना जेमतेम पोहोचत होती. ठेकेदाराने दोन हजार लिटर मारले होते. सभासदांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी साहेबांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि टाकी निसरडी असल्याने सोडून दिला. मग ठेकेदाराला फोन, मग त्याच्याशी वाद, मग तो येईपर्यंत वाट बघणं, मग तो आल्यावर त्याच्यासमोर फेरमोजणी. साहेब बोलत होते आणि लोक ऐकत होते. उन्हं कधी उतरली ते त्यांना कळलं नाही.

ओल्या पँटने ते खाली आले तेव्हा हॉल जवळजवळ रिकामा होता. भूगोलाच्या बाई, विमानात फारसे प्रवासी न उरल्याने, गोल घेऊन घरी गेल्या होत्या. फॉरेनकाका जागे होऊन, पोहोचलो का, असं विचारून, नाही म्हटल्यावर तसेच उतरून गेले होते. सेक्रेटरी एकेक खुर्ची मिटून दाराशी लावत होते. साहेब काही न झाल्यासारखे आले आणि पहिल्या ओळीत आपल्या जागेवर बसले. सेक्रेटरींनी वही काढली. म्हणाले, तुम्हाला बसता येणार नाही, तुम्ही सकाळीच समुद्रात गेलेले आहात. साहेब म्हणाले, मी परत आलोय. सेक्रेटरी म्हणाले, तशी नोंद नाही, आणि बुडालेला सभासद पुन्हा हजर धरायचा तर पोटनियमात दुरुस्ती करावी लागेल. उभ्या जन्मात हजारो दुकानदारांना नियम दाखवलेल्या माणसावर ही वेळ आली. साहेब उठून भिंतीला टेकून उभे राहिले. सेक्रेटरींनी त्यांची खुर्चीही मिटली.

आठ वाजले. एकच खुर्ची उरली होती, दुसऱ्या ओळीतली मधली. तिच्यावर मापवहिनी बसल्या होत्या, सकाळी बसल्या होत्या तशाच, मांडीवर पिशवी. साहेबांना वाटलं, ही आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, टाकीचं सांगता आलं असतं.

ते खाकरून म्हणाले, "अगं, ऊठ आता. नाही जमलं मला. उद्या लेकीला कळवून टाकतो."

मापवहिनी म्हणाल्या, "तुम्हाला नाही जमलं. मी बसले."

सेक्रेटरींनी वही चाळली आणि खाली मान घालून सांगितलं, की होय, तशी नोंद आहे, सौभाग्यवती सकाळी सहापासून विमानात आहेत. आणि खुर्ची न्यायची आहे हे ते बोललेच नाहीत. त्यांच्या बाबतीत हे फार होतं.

"बरं, बसलीस," साहेब म्हणाले. "आठ वाजले, चौदा तास झाले. आता उतर."

"कुठे उतरू?" मापवहिनींनी विचारलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. "चौदा तास झाले म्हणजे पोहोचायला हवं होतं ना मी? मग लेक कुठे आहे?"

हरकत शोधत साहेबांनी हॉलभर बघितलं. आखलेल्या ओळी होत्या, अंड्यांची टरफलं होती, खिडकीतून समोरचे कपडे दिसत होते. चाळीस वर्षं त्यांनी जगाचं माप पाहिलं होतं आणि या बाईच्या पारड्यात आपण दर वर्षी किती कमी टाकत आलो, ते कधी तपासलंच नव्हतं. त्यांना तिच्या नजरेला नजर देववेना. फार लाज वाटली त्यांना, आणि त्याहून जास्त बायकोची दया आली, आणि मग लेकीची आठवण आली.

त्यांनी फोन लावला. तिकडे नुकतंच उजाडत होतं. लेक झोपेतच म्हणाली, "बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे," साहेब म्हणाले. "काढ तिकिटं. दोन. आईला खिडकीची जागा घे, आणि मला तिच्या शेजारची. मला भीती वाटते गं विमानाची. हात धरता येईल असं बघ."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि लेक एवढंच म्हणाली, की बघते बाबा.

मापवहिनींनी उठायचा प्रयत्न केला आणि त्या तशाच परत बसल्या. दिवसभर बसून दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. साहेबांनी दाराजवळून एक खुर्ची आणली, उघडली आणि त्यांच्या शेजारी लावून बसले. म्हणाले, सावकाश, घाई नाही. सेक्रेटरींनी दिवा राहू दिला आणि दार लोटून ते निघून गेले. वर गच्चीवर सभासद अजून भांडत होते, मापसाहेब, मापसाहेब अशा हाका येत होत्या. साहेबांचा पाय एकदा हलला. मग त्यांनी बायकोचा हात हातात घेतला आणि तिच्या पायांतल्या मुंग्या जाईपर्यंत बसून राहिले.